अँटनीचं भाषण पहिल्यांदा वाचताना एवढंच बघ

घाबरू नकोस रे, शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' नाटकात सीझरचा खून झाल्यावर त्याचा मित्र अँटनी लोकांपुढे करतो ते हे भाषण पहिल्यांदा सगळ्यांनाच जड जातं. फक्त अलंकारांची यादी करत बसू नको, नवीन माणूस हमखास तिथेच अडकतो, नावं पाठ होतात पण गर्दी का फिरली ते कळत नाही.

आधी ब्रूटसचं, म्हणजे सीझरला मारणाऱ्यांपैकी एकाचं, भाषण वाच, छोटंसंच आहे. तो गद्यात बोलतो, सीझर महत्त्वाकांक्षी होता म्हणून मारलं अशी कारणं देतो आणि निघून जातो. लोक खूश. म्हणजे अँटनी उभा राहतो तेव्हा हवा पूर्ण त्याच्या विरोधात असते.

मग हे तीनच बघ:

१. 'ब्रूटस सन्माननीय माणूस आहे' जिथे येईल तिथे पेन्सिलने खूण कर आणि त्याच्या जस्ट आधी काय येतं ते वाच. सीझरने तीनदा मुकुट नाकारला, आणि लगेच हे वाक्य! शब्द जवळपास तेच, पण चौथ्यांदा येईपर्यंत त्याची शिवी झालेली असते.

२. सीझरचं मृत्युपत्र. अँटनी ते दाखवतो, पण वाचत नाही, लोकच ओरडतात वाच म्हणून. सीझरने लोकांना ठेवलेले माणशी ७५ द्राख्मा (नाणी) हा आकडा किती उशिरा येतो बघ.

३. सीझरचा फाटलेला झगा. खून झाला तेव्हा अँटनी तिथे नव्हताच, तरी कुठलं भोक कुणाच्या खंजिराचं ते बिनधास्त सांगतो :)

आणि 'मी काही वक्ता नाही' म्हणतो त्यावर विश्वास ठेवू नको, मी ठेवला होता. वृत्त वगैरे नंतर बघू.