प्रदेश आणि संस्कृती पाठांतराशिवाय कशी शिकवावी?

तुम्ही विचारलंय की आठवीच्या मुलांना प्रदेश आणि तिथली संस्कृती घोकंपट्टीविना कशी शिकवायची. मी मुंबईत भूगोल शिकवते. माझं पहिलं सांगणं असं: 'काय आहे' विचारण्याआधी 'कुठे आहे आणि तिथेच का' हे विचारा.

डब्यांपासून सुरुवात करा. कोणाच्या घरी तांदळाची भाकरी, कोणाकडे ज्वारीची, कोणाकडे बाजरीची. मूळ गावं नकाशावर टिंबांनी दाखवायला लावा, मग शेजारी पावसाचा नकाशा ठेवा. कोकणात २५०० मिलिमीटरच्या वर पाऊस, घाट ओलांडून माणदेशात गेलं की जेमतेम ५००. सह्याद्री मुलांना तिथे स्वतःच सापडतो, सांगावा लागत नाही.

पण इथेच थांबू नका, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नाहीतर मुलं समजतात की जमीन आणि पाऊस सगळं ठरवतात. लगेच वडापाव घ्या. बटाटा आणि मिरची मूळची अमेरिका खंडांतली, पाव पोर्तुगीजांमुळे रुजलेला, बेसन मात्र आपलं. संस्कृती बंदरातूनही येते.

मग 'कोकण नेमकं कुठे संपतं?' असं विचारून प्रत्येकाला सीमारेषा काढायला सांगा. रेषा जुळणार नाहीत, आणि खरी चर्चा तिथेच रंगते: भाषा धरायची, पीक धरायचं की डोंगर?

जमलं तर वरळी कोळीवाड्यात एक फेरी काढा. तिथल्या रहिवाशांना आधी विचारून, आणि फोटो न काढता.