पबातली पूल लीग, पुण्याचं स्नूकर आणि लाइम-सोडा

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. ऑफिसातल्या एकाने मला घराजवळच्या पबच्या पूल टीममध्ये ओढलं (पूल म्हणजे स्नूकरसारखाच क्यूने, म्हणजे लांब काठीने, टेबलावर खेळायचा खेळ), मंगळवारी रात्री मॅच असते, कधी आमच्या पबात कधी समोरच्यांच्या. पुण्यात कॉलेजला असताना स्नूकर बऱ्यापैकी खेळायचो त्यामुळे वाटलं इथे आपण सहज जिंकू, पण होतंय भलतंच. पाच-सहा बॉल धडाधड पॉट करतो, म्हणजे पॉकेटात घालतो, आणि मग समोरचे कोणी रिटायर्ड काका, ज्यांना लांबचा सरळ बॉलही नीट घालता येत नाही, ते आरामात फ्रेम, म्हणजे तो डाव, घेऊन जातात. असं का होतं? शिवाय नियम जो तो वेगळेच सांगतो. आणि मी दारू पीत नाही, नॉनव्हेजही खात नाही, मग टीमला माझं ओझं होत असेल का? सोडून देऊ?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : सोडू बिडू नका हो. त्या काकांचं आधी बघू, कारण खरा प्रश्न तोच आहे.

स्नूकरमध्ये पॉट केलेल्या प्रत्येक बॉलचे पॉइंट्स मिळतात, ते कोणी काढून घेत नाही. इथे सात रेड, सात यलो आणि एक ब्लॅक; एकाचे रेड, दुसऱ्याचे यलो, आपले सातही घालून मग ब्लॅक घालेल तो जिंकला. सहा घातले आणि सातवा अडकला तर त्या सहांची किंमत शून्य. शून्य कसली, उलट तोटाच, कारण तुमचे बॉल टेबलावर असतात तेव्हा ते काकांच्या वाटेत उभे असतात आणि तुम्ही स्वतःच ते उचलून त्यांना रस्ता मोकळा करून देता. आता तुमचा एकच बॉल राहिला, तोही कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, चिकटलेला, त्यांचे पाच मोकळ्यात पडलेत, मग त्यांना नेम कशाला लागतो? एक बॉल हळूच तुमच्या बॉलपुढे आणून ठेवला की तुम्ही स्नूकर, म्हणजे तुमच्या बॉलला सरळ मारायला वाटच नाही, मग तुमचा फाउल, आणि त्यांना टू शॉट्स, म्हणजे दोन पाळ्या. कॅरममध्ये सोंगट्या भराभर घेऊन शेवटच्या एकीसाठी रडणारा गडी असतो ना, अगदी तसं.

म्हणून ब्रेकनंतर, म्हणजे पहिल्या फटक्याने बॉल विखुरले की, टेबलाभोवती एक चक्कर मारा आणि आपला सगळ्यात वाईट बॉल कुठला ते शोधा, कुशनला चिकटलेला असेल, ब्लॅकच्या मागे दडलेला असेल. त्याची सोय बाकीचे तीन-चार बॉल शिल्लक असतानाच करायची, म्हणजे फसलं तरी पुढे खेळायला काहीतरी उरतं. सोयच होत नसेल तर क्लिअर करायच्या नादाला लागू नका, आपला एखादा बॉल पॉकेटच्या तोंडाशी नेऊन ठेवा. तो तुम्हाला कधीही घालता येतो आणि तोपर्यंत ते पॉकेट काकांना बंद. पुण्याच्या क्लबात याला रडीचा डाव म्हणतील कदाचित, पबात यालाच खेळ येणं म्हणतात आणि मला विचाराल तर पबवाल्यांचं बरोबर आहे.

टेबलाचाही फरक आहे. स्नूकरचं टेबल बारा फुटी, पबातलं सहा किंवा सात फुटी, त्यामुळे लांबचे पॉट कमी आणि गर्दी जास्त. नाणं टाकायच्या बऱ्याच टेबलांवर पांढरा बॉल मुद्दाम लहान असतो, रंगीत दोन इंची आणि पांढरा पावणेदोनच्या जरा वर, कारण आत गेलेला पांढरा साइजवरून वेगळा होऊन परत बाहेर यावा लागतो. तो हलका असल्याने मागे पटकन येतो पण पुढे जायला कुरकुरतो. तुमची पोझिशन चुकते त्यात याचाही वाटा असणार. प्रॅक्टिसला थोडा वेळ पांढरा किती मागे येतो एवढंच बघत बसा, पॉट गेला नाही तरी चालेल.

नियमांचं म्हणाल तर गोंधळ खराच आहे. ‘वर्ल्ड रूल्स’ नावाचे नियम वेगळे, ‘ब्लॅकबॉल’ नावाचे वेगळे, आणि पबातले जुने नियम तिसरेच, त्यात कुठे कुठे समोरच्याचा फाउल झाला तरी ब्लॅकवर एकच शॉट मिळतो. ब्लॅकबॉलमध्ये समोरच्याने फाउल केला की पहिल्या शॉटला त्याचा बॉलसुद्धा आधी मारता येतो, हे माहीत नसलं तर हातातली संधी जाते. शुक्रवारी बारमध्ये कोण काय म्हणतं ते सोडा, कॅप्टनकडून लीगचं नियमांचं पत्रक मागून घ्या. आणि तुमच्या लीगमध्ये बॉल मारल्यावर काही पॉट झालं नाही तर कुठला तरी बॉल कुशनला लागायला हवा असा नियम असेल तर तो पाठच करा. स्नूकरमध्ये नुसता हळूच स्पर्श करून ठेवायची सवय असते, तिथेच आपली पोरं फाउल देऊन बसतात.

आता दारू. लाइम-सोडा मागा, बारमनला काही नवीन नाही. फक्त राऊंडमध्ये असाल तर आपली पाळी आली की सगळ्यांचं ड्रिंक आणायचं, मी पीत नाही म्हणून पैसे देत नाही हे तिथे फार खटकतं. पाच जणांचे बीअरचे पैसे देऊन आपण सोडा प्यायचा हे जड वाटत असेल तर पहिल्याच दिवशी सांगा की मी माझं माझं घेतो, कोणी वाईट वाटून घेत नाही. मॅचनंतर सँडविच-चिप्स ठेवत असतील तर व्हेज खातो हे कॅप्टनला आधी सांगून ठेवा, नाहीतर हॅम सँडविचमधलं हॅम काढून खा असा प्रेमळ सल्ला मिळेल. आणि ओझं कसलं, अवे मॅचला गाडी चालवायला न पिणारा माणूस सगळ्यांनाच हवा असतो! माणूस कमी पडला तर बहुतेक लीगमध्ये ती फ्रेम समोरच्यांना फुकट जाते, त्यामुळे पावसातही मंगळवारी हजर राहणारा मधल्या दर्जाचा खेळाडू कॅप्टनला अधूनमधून उगवणाऱ्या हिरोपेक्षा जास्त आवडतो.

प्रश्न : पबातले क्यू वाकडे असतात. स्वतःचा घ्यावा का? — एक वाचक, लीड्स

उत्तर : लीग खेळत असाल तर घ्याच, फार महागाचा नको. इंग्लिश पूलसाठी टिप, म्हणजे क्यूचं टोक, साधारण साडेआठ-नऊ मिलिमीटरची बघा, स्नूकरची त्याहून जाड असते. दुकानातच टेबलावर लोळवून बघा, उड्या मारत गेला तर वाकडा. दोन तुकड्यांचा घेतलात तर बसमधून न्यायला बरं. पबातला आखूड क्यू मात्र कुठे ठेवलेला असतो ते विचारून ठेवा, कारण भिंत किंवा खांब टेबलाला अगदी खेटून असतो तिथे तुमचा नवा कोरा क्यू काही उपयोगाचा नाही.