जळगावात खोली कुठे पाहावी?

प्रश्न : मला जळगावला विद्यापीठात प्रवेश मिळालाय. खोली स्टेशनजवळ बघू की दुसरीकडे? (विद्यार्थी, शहादा)

उत्तर : विद्यापीठ गिरणा नदीपलीकडे, बांभोरीच्या बाजूला महामार्गावर आहे. त्यामुळे खोटेनगर, पिंप्राळा हा पश्चिमेचा भाग सोयीचा. स्टेशनकडून रोज शहरातली गर्दी ओलांडावी लागेल. खोली भर दुपारी पाहा. वरचा मजला स्वस्त मिळतो, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला राहतो आणि कूलर बादल्याच्या बादल्या पाणी पितो. म्हणून नळ किती दिवसांआड येतो, टाकी किती लिटरची, हे शेजारच्या भाडेकरूला विचारा. घरमालक ‘भरपूर’ एवढंच सांगतो. सबमीटर (घरमालकाने खोलीसाठी बसवलेला वेगळा वीजमीटर) असल्यास युनिटचा दर आणि पहिल्या दिवसाचं रीडिंग ११ महिन्यांच्या करारातच लिहून घ्या.