आजोबा मध्येच ‘वा’ का म्हणाले?

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी गाण्याहून परतताना गाडीत तू विचारलंस, “आई, गाणं चालू असताना आजोबा मध्येच ‘वा’ का म्हणाले? पुढच्या काकांनी मागे वळून श्श केलं तेव्हा मला कसंतरीच झालं. आणि शाळेबरोबर गेले होते तेव्हा अल्बर्ट हॉलमध्ये मी टाळ्या वाजवल्या, तर सगळे माझ्याकडे का बघत होते?” आजोबा शेजारीच बसले होते, म्हणून ‘घरी गेल्यावर सांगते’ म्हणून मी विषय बदलला. पण प्रश्न डोक्यातून जाईना. हे पत्र मराठीत लिहितेय, कारण यातले अर्धे शब्द मला इंग्रजीत सांगताच येत नाहीत. कुठे अडलीस तर आजीला विचार.

आधी एक सांगून टाकते. आजोबा चुकले नाहीत आणि अल्बर्ट हॉलमध्ये तूही काही गुन्हा केला नाहीस.

शाळेतून तुम्हाला लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्सला, म्हणजे तिथल्या उन्हाळी संगीत महोत्सवाला नेलं होतं तेव्हा तू सिंफनीचा, म्हणजे वाद्यवृंदाच्या त्या मोठ्या रचनेचा, पहिला भाग संपल्यावर टाळ्या वाजवल्यास. तिथली हल्लीची रीत अशी की चारही भाग मिळून एक रचना, म्हणून टाळ्या अगदी शेवटी. पण ही रीत काही पहिल्यापासूनची नाही. १७७८ साली मोझार्ट या संगीतकाराने पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं होतं. त्याच्या नव्या सिंफनीत एक जागा अशी होती की ती लोकांना आवडणार हे त्याला लिहितानाच माहीत होतं. ती जागा आली आणि वाद्यं वाजत असतानाच लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्याला राग नाही आला, उलट केवढा आनंद झाला! म्हणजे तू ज्या क्षणी टाळ्या वाजवल्यास त्या क्षणी मोझार्ट तुझ्या बाजूने असता. तरी तिथे जाऊ तेव्हा तिथली रीत पाळायची. त्या शांततेतही एक मजा आहे, सगळं सभागृह श्वास रोखून बसतं ना, तशी.

आता आपलं गाणं. तिथे वादकांसमोर लिहिलेले कागद होते, आठवतं? शनिवारच्या गायिकाताईंसमोर काय होतं? काहीच नाही. मागे दोन तानपुरे, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला हार्मोनियम, आणि समोर आपण. राग ठरलेला, बंदिशीचे दोन-चार ओळींचे शब्द ठरलेले, ताल ठरलेला. बाकीचा तासभर त्या तिथेच, त्याच वेळी घडवत होत्या. आणि हे घडवताना त्या आपल्या चेहऱ्यांकडे बघत होत्या. एखादी जागा पोचली की नाही, तिथेच अजून थोडं रेंगाळावं की पुढे जावं, हे त्यांना कळतं कशावरून? आजोबांच्या ‘वा’वरून. याला आपण दाद म्हणतो. दाद ही गाण्यातली अडचण नाही मनू, ती गाण्यातच धरलेली असते.

पण दाद कुठेही द्यायची नसते. आजोबांचा हात तू बघितला नसशील, मी लहानपणापासून बघत आलेय. उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर सुरू होतो आणि सरकत जातो. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, झाल्या बारा मात्रा, म्हणजे तालाची बारा मोजमापं. परवा पहिला जो संथ यमन राग झाला, तो विलंबित एकतालात होता आणि एकतालाच्या मात्रा बाराच. इतक्या संथ लयीत एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पूर्ण व्हायला पाऊण-एक मिनिट लागतं, म्हणून तुला वाटलं की तबला नुसताच मधूनमधून वाजतोय. तो काय म्हणतो ते ऐक:

धीं धीं धागे तिरकिट तू ना, कत् ता धागे तिरकिट धी ना.

यात ‘तिरकिट’ दोनदा येतं, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. तू फक्त दुसरं तिरकिट पकडायचं. त्यानंतर धी, मग ना, आणि लगेच सम, म्हणजे पुन्हा पहिली मात्रा. गाणारा कितीही लांब भटकून आलेला असो, दुसऱ्या तिरकिटाच्या आसपास तो बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचे शब्द, उचलतो आणि बरोबर समेवर येऊन टेकतो. शनिवारी नीट बघितलं असतंस तर दिसलं असतं, त्या क्षणी पुढच्या तीन-चार रांगांतल्या सगळ्या माना एकदम खाली आल्या. कुणी कुणाला खूण केली नव्हती. आजोबांचं ‘वा’ तिथेच आलं.

ज्या काकांनी श्श केलं त्यांचाही मला राग नाही. त्यांनी गाणं दुसऱ्या रीतीने ऐकलेलं असणार. उलट अगदी नाजूक आलापात, आवाज जेमतेम ऐकू येतोय अशा वेळी, आपल्याला किती कळतं हे दाखवायला मोठ्याने ‘क्या बात है’ ओरडणारेही मी पुष्कळ पाहिलेत. त्यांना मी स्वतः श्श करीन. आणि फोनवर चित्रीकरण करत हात वर धरून बसणाऱ्यांना तर नक्कीच.

तू आणखी एक विचारलं होतंस, सुरुवातीला ते एवढा वेळ नुसतं ट्यूनिंग का करत होते. तानपुऱ्याच्या चार तारा. यमनसाठी पहिली पंचमाला, म्हणजे ‘प’ला लावलेली, मग मधल्या दोन जोडीच्या तारा षड्जाला, म्हणजे ‘सा’ला, आणि शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या ‘सा’ची. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर प्रत्येक तारेखाली बारीकसा दोरा असतो, तो केसभर इकडेतिकडे सरकवला की तारेतला झंकार खुलतो. तबलजी हातोडीने तबला त्याच षड्जाला मिळवतात. माझे बाबा, म्हणजे हेच आजोबा, मला या वेळी बोलू देत नसत. “षड्ज भरू दे सगळीकडे,” म्हणत. सगळं जुळलं की दिवाणखान्यात उदबत्ती लावल्यासारखं वाटतं. ते जुळवणं लोकांसमोर होतं ते मला फार आवडतं.

मी पहिल्यांदा मोठं गाणं ऐकलं ते पुण्याला, रमणबागेच्या मैदानावर, सवाईला. पंडित भीमसेन जोशींनी हा महोत्सव आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या आठवणीत १९५३ साली सुरू केला. हे भीमसेन तुझ्याच वयाचे, अकरा वर्षांचे असताना गाणं शिकायला गुरू हवा म्हणून गदगहून घर सोडून निघाले होते (तू असलं काही करायचं नाही!). माझ्या लहानपणी सवाई रात्रभर चाले. आता ध्वनीचे नियम आहेत, रात्री थांबावं लागतं, आणि भरतोही तो मुकुंदनगरला. आम्ही भारतीय बैठकीत सतरंजीवर बसायचो. डिसेंबरची थंडी, आजीने विणलेली कानटोपी, थर्मासमध्ये कॉफी. बाबांनी मला कधीही ‘ताठ बस’ म्हटलं नाही. झोप आली की त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मी खुशाल झोपायचे. नियम एकच होता: उठायचं, खायला बाहेर जायचं, ते दोन गाण्यांच्या मध्ये, आणि शेवटची भैरवी सुरू झाली की अजिबात हलायचं नाही. पहाटे त्यांनी मला हलवून उठवलं तेव्हा भीमसेनजी गात होते. राग कोणता होता ते नाही आठवत. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांचा अंगठा करंगळीवर होता, एवढं आठवतं.

म्हणून शनिवारी तू तासाभराने पेंगायला लागलीस तेव्हा मी तुला जागं केलं नाही. मला बरंच वाटलं.

यंदा सवाईला जायचं माझ्या मनात आहे, पण तो तुझी सुट्टी लागायच्या आधीच होतो. शाळेला विचारून बघते, ‘हो’ म्हणतीलच असं नाही. आजोबा अजून दोन महिने इथे आहेत. त्यांच्या फोनवर एकतालाचा ठेका आहे, रात्री जेवण झालं की त्यांच्याशेजारी बस आणि पेरांवर मोजायला शिकवा म्हण. दुसरं तिरकिट सापडलं की जोरात ओरड, मला स्वयंपाकघरात ऐकू आलं पाहिजे. आणि त्यांना एकदा सांग की ते ‘वा’ म्हणाले ते बरोबर होतं. त्या दिवसापासून ते जरा गप्पच आहेत.

तुझी,
आई