रातकिडे पिंजऱ्यात मोकळे सोडू नका, खोलगट कपात घालून द्या

ताई, तुमच्या व्हेल्ड कॅमेलिअनच्या (रंग बदलणाऱ्या विदेशी सरड्याच्या) मागच्या पायावर सकाळी जे लाल चट्टे दिसले, ते फोटोवरून रातकिड्यांनी कुरतडल्याचेच वाटतात. आमच्याकडे अगदी असंच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. मी पशुवैद्य नाही. जखम ओली असेल किंवा सूज असेल तर आधी सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.

मोकळे सोडलेले रातकिडे दिवसभर कुंडीच्या मातीत दडतात आणि कॅमेलिअन झोपला की त्याच्या अंगावर चढतात. आज दिवा बंद करण्याआधी हाती लागतील तेवढे वेचून काढा. उरलेल्यांसाठी पिंजऱ्याच्या तळाशी गाजराचा जाड काप ठेवा. रात्री त्यावर गोळा होतात, तिथूनच उचलता येतात.

किडे हातानं भरवावेत, कपात द्यावेत की मोकळे सोडावेत, यावर लोक तावातावानं भांडतात. माझं मत ठाम आहे: कपात. चावण्यामुळे तर आहेच, पण त्याहून मोठं कारण कॅल्शियमचं आहे. रातकिड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी, म्हणून आपण त्यांच्यावर कॅल्शियमची पावडर लावतो. मोकळा रातकिडा पाय, मिशा साफ करत ती पावडर उतरवून टाकतो. दुपारी कॅमेलिअननं त्याला टिपलं तर पोटात जातो तो कोरा किडा. पावडर रोज लावूनही हाडं पोकळ होत जातात.

हे आम्हाला कळायला उशीर झाला तो शहरातल्या एका दवाखान्यामुळे. नाव घेत नाही. आमच्या कॅमेलिअनचा पुढचा पाय कोपरात वाकायला लागला होता, फांदीवरची पकड सुटत होती. तिथे दोन मिनिटं बघून ‘पडला असेल’ म्हणाले, पट्टी बांधली आणि शक्तीचं औषध दिलं. खायला काय देता, कसं देता, यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा कोणता, किती उंचीवर, एकही प्रश्न नाही. एक्स-रे काढू का विचारलं तर ‘एवढ्याशा सरड्याला कशाला’. पुन्हा नेला तेव्हा तेच औषध वाढवून दिलं. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला तेव्हा हाडं कडेला फिकट दिसत होती, म्हणजे मेटाबॉलिक बोन डिसीज, कॅल्शियम कमी पडून हाडं कमजोर होण्याचा आजार. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘दिवसाला नक्की किती किडे खातो?’ मोकळं सोडणाऱ्या कोणालाच याचं उत्तर देता येत नाही. जीव वाचला, पण तो पाय कायमचा वाकडा राहिला. अजूनही बघितलं की संताप येतो. जो डॉक्टर दिवा आणि आहार विचारत नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका, एवढं कळकळीनं सांगतो.

आता कप. श्रीखंडाचा किंवा आइस्क्रीमचा पांढरा, खोलगट डबा घ्या. पारदर्शक नको. आतले किडे बाहेरून दिसले की तो थेट प्लास्टिकवर जीभ मारतो. बाजू गुळगुळीत हव्यात, फक्त मागच्या भिंतीला आतून प्लास्टिकच्या जाळीची पट्टी चिकटवा. किडे तीवर चढतात, हलताना दिसतात आणि त्याला समोरून नेम धरता येतो. धातूची जाळी टाळा. डबा त्याच्या नेहमीच्या फांदीच्या थोडा खाली बांधा, शरीराच्या लांबीइतक्या अंतरावर. सकाळी तो ऊन घेऊन गरम झाला की पावडर लावलेले किडे टाका, तासाभरानं उरलेले मोजून काढून घ्या. सुरुवातीला तो डब्याकडे ढुंकूनही बघणार नाही. मोठा, धष्टपुष्ट नर असेल तर एखादा दिवस उपाशी राहिल्यानं बिघडत नाही. पिल्लू असेल किंवा आधीच अशक्त असेल तर हा हट्ट करू नका.

हातानं भरवणं मला पटत नाही. ज्याला सवय आहे त्याला औषध देताना उपयोग होतो, हे मान्य. पण तुमचा नर हात बघून गडद होतो, फुगतो असं तुम्हीच लिहिलंय. त्याला रोज तो ताण कशाला?

किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. किड्यांना आदल्या दिवशी शेवग्याचा पाला, भोपळा, गाजर खायला घाला. पालक नको, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अडतं. रोजची पावडर डी३ जीवनसत्त्व नसलेली, डी३ असलेली महिन्यातून दोनदा पुरते. फक्त मीलवर्मवर (दुकानात मिळणाऱ्या भुंग्याच्या अळ्यांवर) ठेवू नका. तुतीवर रेशीमकिडे पाळणारा शेतकरी ओळखीचा असेल तर मधूनमधून त्या अळ्या द्या, मऊ आणि रसदार असतात. कपाशीच्या किंवा संत्र्याच्या शेतातले नाकतोडे मात्र कधीच नको, फवारणी कोणती झाली हे कळत नाही. काजवेही नको, ते सरड्यांना विषारी ठरतात.

तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी ‘झुडपातला देशी पकडून पाळा, स्वस्त पडेल’ असं सुचवलंय. तसं करू नका. आपला देशी कॅमेलिअन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे, पाळणं गुन्हा आहे. जखमी सापडला तर वनविभागाच्या नागपूरमधल्या सेमिनरी हिल्सवरच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (वन्यप्राणी उपचार केंद्राला) कळवा. तुमच्या विदेशी प्राण्याचीही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, झाली आहे का ते बघा.

आणि एप्रिल-मेमध्ये बाहेरून रातकिड्यांचं पार्सल मागवू नका. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात डबा गाडीत तापतो आणि हातात मेलेले किडे येतात. मार्चमध्येच घरी अंड्यांच्या ट्रेमध्ये थोडे वाढवायला घ्या. तो खोका कूलरच्या झोतात ठेवू नका, दमट हवेत ते पटापट मरतात आणि कुबट वास सुटतो. सावलीतली, हवा खेळती असलेली खोली पुरते.