कारखान्यातला जुना, ठेंगणा, ट्रॅक्टरसारखा दिसणारा पण ट्रॅक्टर नसलेला प्राणी कसा ओळखायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमागे एक ठेंगणं, जाडजूड वाहन उभं आहे. तोंडवळा ट्रॅक्टरचा, पण नांगर जोडायची सोय नाही, पीटीओ शाफ्ट (इंजिनाच्या जोरावर शेतीची अवजारं फिरवणारा मागचा दांडा) नाही, हूक मात्र पुढेही आहे आणि मागेही. हे काय आहे, आणि भंगारात जाऊ द्यावं का?

वर्णनावरून हा टो ट्रॅक्टर म्हणजे टग आहे. ट्रॉल्या, विमानं, रेल्वे फलाटावरचे सामानाचे गाडे ओढणं एवढंच याचं काम. पुढचा हूक आणि जाड बंपर हीच मोठी खूण, कारण टगला ओढण्याइतकंच ढकलावंही लागतं. शेतीच्या ट्रॅक्टरला तशी गरज सहसा पडत नाही.

आता ते इतकं जड का, हे समजलं की अर्धी ओळख पटते. ओढण्याची ताकद इंजिनात असली तरी जमिनीपर्यंत ती पोचते चाकावरच्या वजनामुळे. कोरड्या काँक्रीटवर रबरी टायर आपल्यावरच्या वजनाच्या साधारण सत्तर टक्के ओढ देऊ शकतो, त्यापुढे चाक जागीच फिरतं. म्हणून या गाड्यांत पत्र्याऐवजी बिडाचे जाड ओतीव भाग, बिडाचे बंपर, मागच्या एक्सलवर वजनाचे ठोकळे असतात. मोटारीचा डिझायनर किलो किलो वाचवतो, इथला मुद्दाम भरतो. मला या गाड्यांबद्दल प्रेम आहे ते याच उलट्या हिशेबामुळे.

एक उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फोर्डने आपल्या शेतीच्या ट्रॅक्टरवरून 'मोटो-टग' काढला. त्याची दोन मॉडेलं होती, बीएनओ-25 आणि बीएनओ-40. नावातले आकडे ओढीचे, शंभर-शंभर पौंडांच्या हिशेबात: 2500 आणि 4000 पौंड. म्हणजे मोठ्याची ओढ सुमारे 1800 किलो. सपाट काँक्रीटवर रबरी चाकांचा भार लोटायला त्याच्या वजनाच्या दोन टक्के जोर धरला, तर कागदावर हा गडी 90 टन हलवतो. तीन टक्क्यांचा चढ आला की लागणारा जोर पाच टक्के होतो आणि आकडा 36 टनांवर येतो. (टगचं स्वतःचं वजन या हिशेबात सोडून दिलंय. आणि उतारावर ब्रेकचं काय, हा प्रश्न वेगळाच.)

ओळख पटवताना लोक हमखास चुकीचा नंबर शोधतात. बिडावर उठावदार अक्षरांत ओतलेला नंबर त्या सुट्या भागाचा असतो, आणि तोच भाग दहा वेगळ्या यंत्रांत सापडू शकतो. गाडीचा स्वतःचा नंबर बहुधा पंचाने ठोकलेला असतो, नेमप्लेटवर किंवा चेसिसवर. नेमप्लेट शाबूत असेल तर तिच्यावर 'ड्रॉबार पुल' (हूकवर मिळणारी ओढ) असा रकाना आहे का पाहा. असेल तर वाद मिटला.

इंजिनावर फार विसंबू नका. टग बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या इंजिन बाहेरून घ्यायच्या. क्रायस्लरचं सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं जुन्या धाटणीचं इंजिन) किंवा कॉन्टिनेन्टलचं 'रेड सील' इंजिन फोर्कलिफ्टपासून वेल्डिंग सेटपर्यंत कुठेही भेटतं. त्यावरून काळाचा अंदाज येतो, गाडीचं नाव नाही. शिवाय इंजिन मधल्या काळात बदललेलं असू शकतं. एक्सल आणि गिअरबॉक्स सहसा कुणी बदलत नाही.

चाकं तीन असतील तर मजा आहे. इंग्लंडमध्ये डर्सलीच्या लिस्टर कंपनीच्या 'ऑटो-ट्रक'मध्ये सगळं इंजिन पुढच्या एकट्या चाकावर बसवलेलं असतं आणि वळताना चाकाबरोबर तेही वळतं. 1930च्या दशकातला तिथल्याच स्कॅमेल कंपनीचा 'मेकॅनिकल हॉर्स'ही तीनचाकी. तो रेल्वे कंपन्यांच्या घोडागाड्यांची जागा घ्यायला आला. ट्रेलरखाली मागे सरकला की कपलिंग आपोआप बसायचं आणि ट्रेलरचं वजन त्याच्या मागच्या चाकांवर यायचं, म्हणजे ओढीसाठी लागणारा भार मालच पुरवायचा! अमेरिकेत मिशिगनमधल्या बुकॅननच्या क्लार्क कंपनीने 1917 मध्ये स्वतःच्या एक्सल कारखान्यात माल हलवायला तीनचाकी 'ट्रकट्रॅक्टर' केला होता. पाहायला आलेल्या पाहुण्यांनी तो विकत मागितला, आणि पुढे त्याच घराण्यातून 'क्लार्कटॉर' नावाचे टग आले. चारचाकीत रुंद मडगार्ड आणि दोघांना पुरेल अशी सीट दिसली, तर डेव्हिड ब्राउन या ब्रिटिश ट्रॅक्टर कंपनीचं नाव मनात ठेवा. त्यांचे टग युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलात विमानं ओढत होते.

भंगारात जाऊ द्यायचं का? मी तरी देणार नाही. वजनावर विकलं तर भाव चांगला येतो, हेच या गाड्यांचं दुर्दैव. सजवून चकचकीत करायचीही घाई नको. रंगाचे थर हा पुरावा असतो: वरच्या पिवळ्याखाली लष्करी हिरवा निघाला की गाडीचा अर्धा इतिहास हाती येतो. सीटखालच्या कोपऱ्यात नाण्याएवढी जागा ओली करून बारीक पॉलिश पेपरने घासा. कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

इंजिन सुरू करायच्या नादाला आत्ता लागू नका. आधी फोटो टाका: दोन्ही बाजू, दोन्ही हूक, मागचा एक्सल, आणि ठोकलेला प्रत्येक नंबर. नेमप्लेट उखडलेली असेल तर तिच्या खिळ्यांच्या भोकांमधलं अंतर मोजून कळवा. माहीत असलेल्या प्लेटांशी ते जुळवून पाहता येतं.