आधी सांगायचे, मग विचारायचे

"ताई, तिला विचारूच नका. विचारले की ती आईकडे जायचे म्हणणार, आणि ते जमणार नसेल तर पोरीला उगीच आशा का लावायची?" दहा वर्षांची एक मुलगी आणि तिचा पाच वर्षांचा भाऊ यांना आपल्या घरी सांभाळण्यास तयार झालेल्या एका बाईंनी मला हे विचारले होते. प्रतिपालकत्वाचा, म्हणजे दुसऱ्यांचे मूल काही काळ आपल्या घरी सांभाळण्याचा, सगळे ज्याला फॉस्टर केअर म्हणतात त्याचा विचार करणारी कुटुंबे हा प्रश्न या ना त्या शब्दांत नेहमीच विचारतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

बाईंची शंका पोकळ नव्हती, कारण ती चूक माझ्या हातून आधीच झाली होती. वडील वारलेले, आई मानसिक आजारामुळे रुग्णालयात आणि आजीला वयामुळे दोघांचे करणे झेपेनासे झालेले, म्हणून मुले बालगृहात आली होती. पहिल्याच भेटीत मी मुलीला, "तुला कुठे राहायला आवडेल?" असे विचारले. ती म्हणाली, "आईजवळ." ते शक्य नाही हे ठाऊक असूनही मी गप्प राहिले. पुढच्या भेटीत ती माझ्याशी एक अक्षरही बोलली नाही.

बालन्याय अधिनियम, 2015 च्या कलम 3 नुसार आपल्याविषयीच्या प्रत्येक निर्णयात म्हणणे मांडण्याचा बालकाला हक्क आहे आणि त्याचे वय व समज पाहून ते विचारात घ्यावे लागते. निर्णय मात्र अशा मुलांसाठी सरकारने नेमलेल्या बाल कल्याण समितीचा असतो. आपल्याला विचारले जाणे आणि आपल्या हाती निर्णय असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना सांगायचे आपण मोठी माणसे बहुधा विसरतो.

तिसऱ्या भेटीत मी आधी ठरलेले सांगितले: आईची तब्येत सुधारेपर्यंत तिच्याकडे राहता येणार नाही, यात तुझी काही चूक नाही, आणि कुठे राहायचे ते समिती ठरवेल. त्यानंतर जे ठरायचे होते त्याविषयी विचारले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "हा झोपेत अंथरूण ओले करतो. त्या काकू मारतील का?" मग प्रश्नांची रांगच लागली. आम्ही दोघे एकत्रच राहणार ना, आई भेटेल ना, काकूंना आई म्हणावे लागेल का. शक्यतो भावंडांना एकत्र ठेवावे आणि समितीची हरकत नसल्यास पालकांना भेटू द्यावे, हे कलम 44 मध्येच आहे. म्हणजे तिच्या निम्म्या काळजीचे उत्तर कायद्यात होते, फक्त ते तिच्यापर्यंत कोणी पोहोचवले नव्हते.

अंथरुणाचा प्रश्न तिच्या परवानगीने मी बाईंना सांगितला. मुले पहिल्यांदा घर पाहायला गेली तेव्हा बाईंनी गादीवर घातलेले मेणकापड उचलून दाखवले आणि आपला धाकटाही सात वर्षांचा होईपर्यंत तेच करत असे, हे त्या धाकट्याच्या देखत सांगून टाकले. तो लाजून आत पळाला. मुलगी मात्र त्या दिवशी प्रथमच हसली.

समितीपुढे तिने स्वतः सांगितले की शाळा बदलू नये आणि दर शनिवारी आईकडे मुक्कामाला जाता यावे. शाळा तीच राहिली. मुक्कामाची मागणी डॉक्टरांच्या सल्ल्यावरून नाकारली गेली आणि महिन्यातून एक भेट ठरली. नकाराचे कारण तिला तिथेच समजावण्यात आले. तरीही ती रडली आणि माझ्यावर रागावली. परत निघताना तिने विचारले, "दिवाळीत पुन्हा विचारता येईल?" मी हो म्हटले आणि तिच्या समोर नोंद केली. बाईंनी घरी गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरमधला वसुबारसेचा चौकोन तिच्याच हाताने रंगवून घेतला.